धुराचा हिशेब आहे, ब्रेकच्या धुळीचा नाही

भारतात मोटारगाडी प्रदूषण करते की नाही, हे ठरवण्याची जागा एकच आहे : तिच्या मागच्या नळीचे तोंड. पीयूसी केंद्रातला माणूस सायलेन्सरमध्ये तपासणीची नळी सरकवतो, यंत्राच्या पडद्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे आकडे उमटतात, गाडी डिझेलची असेल तर धुराची घनता मोजली जाते आणि काही मिनिटांत प्रमाणपत्र हाती पडते. त्याच गाडीच्या पुढच्या चाकांवर, रिमच्या आऱ्यांमध्ये, काळपट तपकिरी पुडीचा थर बसलेला असतो. त्या केंद्रात तिच्याकडे कोणी पाहत नाही. गाडीचा मालक पाहतो, पण डाग म्हणून. हजारो रुपये मोजून घेतलेले अलॉय व्हील कळकट दिसते याचे त्याला वाईट वाटते आणि तो शॅम्पू, ब्रश आणि जांभळा होणारा फवारा विकत आणतो.

ही पूड म्हणजे ब्रेकची धूळ. तिच्याविषयी देशात जे काही बोलले जाते ते जवळजवळ सगळे चकाकीच्या अंगाने. तिचे खरे स्थान हवेच्या हिशेबात आहे, आणि त्या हिशेबात तिच्या नावाचे पानच उघडलेले नाही.

प्रथम ती येते कुठून हे पाहावे. बाराशे किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १ लाख ६७ हजार जूल भरते. सिग्नल लाल झाला की ही सगळी ऊर्जा काही सेकंदांत कुठेतरी जावी लागते. जुन्या धाटणीच्या गाडीत ती घर्षणातून उष्णता होऊन जाते. या एका थांबण्यात जेवढी उष्णता निघते, तेवढ्यात अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. ताशी ३० किलोमीटरवरून थांबताना हीच ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अकरावीच्या पुस्तकातले हे सूत्र चौकाचौकात असे झिजत असते.

झिजतात दोन गोष्टी. एक, चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी, म्हणजे डिस्क. दुसरी, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ब्रेक पॅड. पॅड हा एकजिनसी पदार्थ नसतो. फिनॉलिक राळेने बांधलेले ते एक मिश्रण असते, आणि त्यात लोखंडाचे तंतू किंवा भुकटी, तांबे, ग्रॅफाइट, बेरियम सल्फेट, अँटिमनीची संयुगे, अपघर्षक म्हणून कठीण ऑक्साइडे असे अनेक घटक कमीअधिक प्रमाणात असू शकतात. घासणीतून निघणाऱ्या पुडीत लोखंड आणि त्याची ऑक्साइडे मुख्य असतात, कारण डिस्कही पॅडइतक्याच निष्ठेने झिजते. गाडी थांबताना तिचा भार पुढच्या चाकांवर झुकतो, ब्रेकचे बहुतेक काम पुढच्या चाकांना करावे लागते, म्हणून पुढची चाके मागच्यांपेक्षा लवकर काळवंडतात. शंका असलेल्या विद्यार्थ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक पुढच्या रिमवर ओल्या फडक्याने टिपलेल्या पुडीवरून फिरवावे. पिशवीला काय चिकटते ते पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

या जागी बहुतेक चर्चा एक चूक करतात. रिमवर दिसणारी धूळ म्हणजेच ब्रेकची धूळ, असे त्या धरून चालतात. प्रयोगशाळांतील मोजमापे वेगळे सांगतात. झिजलेल्या वस्तुमानापैकी साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतचा भाग हवेत जातो. उरलेला रस्त्यावर पडतो किंवा चाकावर, ब्रेकच्या भागांवर अडकतो. म्हणजे रिमवरचा थर हा अडलेला माल आहे. जे उडून गेले त्याची ती केवळ पावती. हवेत जाणाऱ्या कणांचे वजन प्रामुख्याने १ ते १० मायक्रॉनच्या पट्ट्यात असते (माणसाचा केस पन्नास मायक्रॉनहून जाड असतो), आणि ब्रेक फार तापला की त्याहून कितीतरी बारीक, नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे कणही मोठ्या संख्येने सुटतात. जे फुप्फुसात खोल उतरू शकते ते रिमवर दिसत नाही.

चाके स्वच्छ ठेवण्याचा बाजार नेमका या न दिसण्यावर उभा आहे. ‘धूळ न करणारे’ सिरॅमिक पॅड ही त्याची सर्वात यशस्वी जाहिरात. या पॅडची धूळ वजनाने बऱ्याचदा कमी असते, हे मान्य केले पाहिजे. सेंद्रिय मिश्रणाच्या, लोखंड टाळणाऱ्या पॅडबाबतही ते खरे आहे, आणि म्हणून जर्मन गाड्यांवर पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या, डिस्कला अधिक चावणाऱ्या कमी-धातूच्या पॅडपुढे ते चाकाला स्वच्छ ठेवतात. पण त्यांच्या धुळीचा रंग फिका असतो आणि ती रिमला कमी चिकटते, हाही त्या स्वच्छतेचा मोठा वाटा आहे. फिकी धूळ म्हणजे निरुपद्रवी धूळ, हा निष्कर्ष कोणी तपासला? साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार प्रकारच्या पॅडची धूळ प्रयोगशाळेत वाढवलेल्या फुप्फुसाच्या पेशींवर तपासली. सर्वाधिक विषारी ठरली ती ॲस्बेस्टॉस टाळण्यासाठी बनवलेल्या सेंद्रिय पॅडची धूळ, तिच्या पाठोपाठ सिरॅमिकची. दोन्हींत तांबे भरपूर होते. त्या प्रयोगात काही ब्रेकची धूळ डिझेलच्या धुरातील कणांपेक्षाही पेशींना अधिक घातक ठरली, आणि तांबे निष्प्रभ केल्यावर तिचा परिणाम उतरला. पेशींवरचा प्रयोग म्हणजे माणसावरचा पुरावा नव्हे, हे विज्ञानाच्या वाचकाला सांगायची गरज नसावी. पण एवढे मात्र त्यातून पक्के दिसते की रिमचा रंग हा विषाचे माप म्हणून कुचकामी आहे. जो पॅड चाकाला सर्वात उजळ ठेवतो, तोच छातीला सर्वात सौम्य असेल असे मानायला काहीही आधार नाही.

तांब्याचा प्रश्न अमेरिकेत दुसऱ्याच दाराने आला. पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यावरचे तांबे ओढ्यांत उतरते आणि साल्मन माशांची वास घेण्याची शक्ती त्याने मंदावते, म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० साली कायदे केले. कॅलिफोर्नियात पॅडमधील तांबे २०२१ पासून ५ टक्क्यांच्या खाली आणि २०२५ पासून ०.५ टक्क्याच्या खाली असणे बंधनकारक झाले. तिथे विकल्या जाणाऱ्या पॅडवर आता घटकांची पातळी सांगणारे अक्षर छापलेले असते. माशाच्या नाकासाठी झालेला हा कायदा माणसाच्या फुप्फुसालाही उपयोगी पडला, हा योगायोग. भारतातील उत्पादकही अमेरिकेच्या बाजारात पॅड विकतात. म्हणजे कमी तांब्याचा पॅड बनवण्याची विद्या देशात आहे. इथल्या ग्राहकाने दुकानात पॅड मागताना ‘किती किलोमीटर चालेल’ आणि ‘आवाज करेल का’ यापलीकडे काही विचारावे, असे मात्र त्याला कोणी शिकवलेले नाही.

आता आकड्यांकडे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली. बीएस-५ चा टप्पा गाळून घेतलेली ती उडी होती आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. या मानकांनुसार डिझेल मोटारीच्या नळीतून किलोमीटरमागे ४.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक कण बाहेर पडता कामा नयेत. ब्रेकमधून किती पडावेत? मर्यादा नाही. युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेल्या युरो-७ नियमांत ही मर्यादा जगात प्रथमच घालण्यात आली. इंजिनाच्या आणि हायब्रिड मोटारींच्या ब्रेकमधून किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्णतः विद्युत मोटारींच्या ब्रेकमधून ३ मिलिग्रॅम. मोटारींच्या नव्या नमुन्यांना हे नियम २९ नोव्हेंबर २०२६ पासून लागू होतात.

हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. नळीला ४.५, ब्रेकला ७. कडक म्हणून गाजलेल्या नव्या नियमानेसुद्धा ब्रेकला नळीपेक्षा जास्त सूट दिली आहे, कारण वास्तव तसे आहे. आधुनिक गाडीत कणांचा मोठा उगम आता चाकापाशी सरकला आहे. दोन्ही कण सारखे नाहीत, हा आक्षेप रास्तच. नळीतले कण फार बारीक असतात, ब्रेकचे वजनदार असतात, त्यामुळे मिलिग्रॅमची मिलिग्रॅमशी केलेली तुलना आरोग्याची तुलना होत नाही. पण हा आक्षेप अधिक मोजण्याच्या बाजूचा आहे. अजिबात न मोजण्याच्या बाजूने तो वापरता येत नाही.

मोजायचे कसे, हा प्रश्नही आता उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमन मंचाने जून २०२३ मध्ये जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २४ स्वीकारला. बंदिस्त पेटीत एकाच चाकाचा ब्रेक डायनामोमीटरवर बसवायचा, त्यावरून गाळलेली स्वच्छ हवा ठरावीक प्रवाहाने न्यायची, आणि त्या हवेत आलेले कण वजनाने व संख्येने मोजायचे, अशी ती पद्धत. त्यासाठी ठरवलेल्या चाचणीत १९२ किलोमीटरच्या धावेत ३०३ वेळा ब्रेक लावला जातो आणि तिला सुमारे साडेचार तास लागतात. ज्या १९९८ च्या आंतरराष्ट्रीय कराराखाली हा नियम झाला, त्या कराराचा भारत सदस्य आहे. पुण्यात ‘एआरएआय’ ही वाहनचाचणीची संस्था आहे, देशातील गाड्यांच्या प्रमाणीकरणाचा प्रदीर्घ अनुभव तिच्या गाठीशी आहे. करार आहे, पद्धत आहे, संस्था आहे. नाही ती अधिसूचना.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती युरोपच्या पद्धतीची नक्कल करून सुटणार नाही. त्या चाचणीचा सरासरी वेग ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास आहे. बंगळूरूच्या किंवा पुण्याच्या संध्याकाळी तो वेग ऐकून कोणालाही हसू येईल. इथले ब्रेकिंग हे कमी वेगातले, अखंड, ढकलत-थांबत चालणारे असते. दुसऱ्या टोकाला बोरघाट किंवा कसारा घाट उतरणारा भरलेला ट्रक. चालकाने गिअर खाली न घेता ब्रेकवरच उतार उतरायचे ठरवले की ब्रेक किती तापतात, हे घाटपायथ्याला थांबणाऱ्या कुणालाही नाकाने कळते. शिवाय देशातील वाहनांत सर्वाधिक संख्या दुचाकींची, आणि तो जागतिक नियम हलक्या चारचाकींसाठी बेतलेला. तेव्हा भारतीय चक्र स्वतंत्र आखावे लागेल, त्यात दुचाकी, रिक्षा आणि बस घ्याव्या लागतील. हे काम अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. शहरातल्या एका बसच्या ब्रेकच्या दाबाची आठवडाभराची नोंद हा पदवीच्या प्रकल्पासाठी, पुन्हा एकदा लाइनवरून चालणारा रोबो बनवण्यापेक्षा, कितीतरी उपयोगी विषय आहे.

ब्रेकची धूळ सरकारी कागदात पूर्णपणे गैरहजर आहे, असेही म्हणता येणार नाही. ती आहे, पण दुसऱ्याच्या नावावर. आयआयटी कानपूरने दिल्लीसाठी केलेल्या आणि २०१६ साली समोर आलेल्या अभ्यासात शहरातील पीएम-१० च्या उत्सर्जनात रस्त्यावरील धुळीचा वाटा ५६ टक्के आणि पीएम-२.५ मध्ये ३८ टक्के दाखवला होता. ‘रस्त्यावरील धूळ’ या शब्दांनी डोळ्यांसमोर माती येते, खणलेले पदपथ येतात, बांधकामाची वाळू येते. ते सगळे त्यात असतेच आणि बहुतांश तेच असते. पण रस्त्यावर पडलेली ब्रेकची पूड, टायरची झीज, डांबराची झीज हीसुद्धा पुढच्या गाडीच्या चाकाखाली पुन्हा उडते तेव्हा याच सदरात जमा होते. माती निसर्गाची, तिचा गुन्हेगार कोणी नाही. ब्रेकची पूड मात्र कारखान्यात बनवलेल्या, विकलेल्या आणि बदलता येण्याजोग्या वस्तूची. दोघींना एका पोत्यात भरले की दुसरीची जबाबदारी पहिलीच्या अंगावर जाते.

त्यांना वेगळे करता येते. मातीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम ठरावीक प्रमाणात सापडतात. त्या प्रमाणात न बसणारे तांबे, अँटिमनी आणि बेरियम एकत्र वाढलेले दिसले की वायुशास्त्रज्ञ ब्रेककडे बोट दाखवतात. ही ओळखपरेड जगभर वापरात आहे. भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांत बारा प्रदूषके आहेत. त्यांतील धातू आणि धातुसदृश तीन : शिसे, निकेल आणि आर्सेनिक. तांबे नाही, अँटिमनी नाही, बेरियम नाही. शिसे त्या यादीत का आहे याचा इतिहास इथे आठवण्यासारखा आहे. पेट्रोलमधील शिसे मोजले गेले, ते मुलांच्या रक्तात कुठवर पोचते हे दाखवले गेले, आणि २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. एका धातूला नाव मिळाले, मग त्याला वाट दाखवता आली.

नाव न दिल्याचे परिणाम पैशातही दिसतात. २०१९ साली सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शंभराहून अधिक शहरांसाठी आहे आणि त्याची फुटपट्टी व्यवहारात पीएम-१० ही आहे. विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२४ साली केलेल्या परीक्षणानुसार या कार्यक्रमाच्या निधीपैकी सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीवर गेली : फरसबंदी, खड्डे बुजवणे, यांत्रिक झाडू, पाण्याचे फवारे. वाहनांवर सुमारे १३ टक्के. म्हणजे पूड रस्त्यावर पडत राहणार, महापालिका ती झाडत राहणार, आणि पुढच्या सिग्नलला नवी पडणार. गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसण्याचा हा खटाटोप आहे, तोही करदात्याच्या खर्चाने.

याच्या विरोधात दोन गंभीर म्हणणी आहेत आणि त्यांना बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिले असे की भारतात याहून मोठे शत्रू आहेत. चूल, वीटभट्टी, पराली, कचऱ्याची होळी, कोळसा. आयआयटी जोधपूरच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०२४ साली प्रसिद्ध झालेला उत्तर भारताचा अभ्यास हेच सांगतो : तिथल्या पीएम-२.५ ची ऑक्सिडीकरणाची क्षमता, म्हणजे शरीरातील पेशींना त्रास देण्याची रासायनिक ताकद, मुख्यत्वे स्थानिक अपूर्ण ज्वलनातून येते. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पण त्यामागचे तत्त्व कोणते, ते पाहावे. नुसते वजन मोजू नका, कणांची रासायनिक ताकद मोजा, असे तो अभ्यास म्हणतो. याच कसोटीवर युरोपातील हवा तपासणाऱ्या, २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात, लाकूड जाळण्यातून बनणाऱ्या सेंद्रिय कणांबरोबर वाहनांच्या झिजेतील धातूही ऑक्सिडीकरणाच्या क्षमतेचे मोठे स्रोत म्हणून पुढे आले. चूल विझेल, नळी स्वच्छ होईल, तसतसा ब्रेकचा वाटा वर येईल. देशाने स्वतःला स्वच्छ ज्वलनाचे वचन दिले आहे, तर त्या वचनानंतर काय उरणार याची मोजणी आताच सुरू होणे शहाणपणाचे. शिवाय मोठा चोर मोकाट आहे म्हणून लहान चोराची तक्रारच नोंदवायची नाही, हा न्याय कोणत्याही चौकीत चालू नये.

दुसरे म्हणणे विद्युत गाड्यांचे. त्या मोटारच जनित्रासारखी वापरून वेग कमी करतात, ऊर्जा बॅटरीत परत जाते, ब्रेक क्वचित लागतो. हे खरे आहे आणि ३ मिलिग्रॅमची युरोपीय मर्यादा त्याचीच कबुली आहे. मुंबईच्या लोकल गाड्या हे तंत्र वापरतात, तेव्हा ते परकेही नाही. परंतु ‘शून्य उत्सर्जन’ हा शब्द विद्युत मोटारीच्या दारावर चिकटवणे हा शुद्ध बाजारूपणा आहे. ब्रेक कमी घासतो, घासत नाही असे नव्हे. आणि बॅटरीच्या वजनाने टायर अधिक झिजतात, हा वेगळ्या लेखाचा विषय. रस्त्यावरच्या कोट्यवधी जुन्या गाड्या तर पुढची पंधरा वर्षे बिडावरच थांबणार आहेत.

इथवरचा वाद धोरणाचा झाला. तो ज्यांच्या छातीवर लढला जातो आहे त्यांचे नाव त्यात अजून आलेले नाही. सोसायटीच्या वाहनतळात पहाटे पाचला एक बादली आणि एक फडके घेऊन वीस-पंचवीस गाड्या पुसणारा माणूस कोरड्या फडक्याने रिम झटकतो, तेव्हा अडकलेला माल पुन्हा हवेत जातो आणि तो त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो. गॅरेजमध्ये परिस्थिती आणखी वाईट. ड्रम ब्रेकची सगळी पूड ड्रमच्या आतच साठते. ड्रम उघडला की कंप्रेसरच्या पाइपने ‘हवा मारून’ तो साफ करायचा, ही देशभरच्या गॅरेजांची रीत. शिकाऊ पोरगा वाकून उभा असतो, ढग उठतो, काम होते. भारतात क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसच्या आयातीवर आजही बंदी नाही. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये त्यावर जी बंदी जाहीर केली, तिच्या यादीत ब्रेकच्या अस्तरांचा स्पष्ट उल्लेख होता. जुन्या किंवा बेनामी लायनरमध्ये काय आहे हे त्या पोराला कोणी सांगितलेले नाही, आणि हवेचा पाइप ते विचारत नाही. ओल्या कापडाने किंवा फवाऱ्याने पूड आधी भिजवून खाली तबकात उतरवणे, हा बदल फुकटात होतो. वाहन कंपन्यांच्या प्रशिक्षणात, आयटीआयच्या अभ्यासक्रमात आणि कामगार खात्याच्या तपासणीत तो सक्तीने का नसावा?

चाके स्वच्छ ठेवू नयेत असा याचा अर्थ नाही, उलट ठेवलीच पाहिजेत. गरम लोखंडाचा कण रिमच्या वार्निशात रुततो, पाणी लागले की गंजतो आणि मग नारिंगी ठिपका सोडतो. फार दिवस राहिला तर धातूपर्यंत पोचतो. प्रश्न पद्धतीचा आहे. चाक थंड झाल्यावर, आधी मंद धारेने भिजवून, साध्या उदासीन शॅम्पूने आणि मऊ ब्रशने ओले असतानाच धुणे, एवढे दर आठवड्या-पंधरवड्याला केले तर बहुतेक वेळा दुसरे काही लागत नाही. तापलेल्या डिस्कवर थंड पाणी मारू नये, ती वाकू किंवा तडकू शकते. जांभळा होणारा फवारा हे जादूचे औषध नसून थायोग्लायकोलेट हे रसायन आहे. ते लोखंडाशी बांधले गेले की जांभळा रंग येतो आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. रुतलेल्या कणांसाठी वर्षातून दोन-तीनदा ते ठीक, हातमोजे घालून आणि वाळू न देता. वॉशिंग सेंटरमध्ये झटपट चकाकीसाठी मारले जाणारे तीव्र ॲसिड मात्र रिमचे वार्निश, ॲल्युमिनियम आणि धुणाऱ्याचे हात तिन्ही खाते. त्यातील फ्लोराइडचे प्रकार तर त्वचेतून आत शिरून इजा करतात.

आणि धुतल्यावर ते काळे पाणी कुठे जाते? सोसायटीच्या वाहनतळातून थेट पावसाळी गटारात, तिथून नाल्यात, मुठेत किंवा मिठीत. वॉशिंग सेंटरला परवाना देताना तेल वेगळे करणारा सापळा मागितला जातो, त्याच सापळ्यात धातूंचा गाळ बसण्याची टाकी जोडणे आणि तो गाळ घातक कचरा म्हणून उचलणे हा एका परिपत्रकाचा मामला आहे.

मागण्या म्हणून पाहिल्या तर त्या फार थोड्या निघतात. प्रमाणीकरणाच्या वेळी प्रत्येक नव्या नमुन्याच्या ब्रेकची कणमोजणी व्हावी आणि मर्यादा ठरेपर्यंत निदान तो आकडा, इंधनाच्या सरासरीसारखा, जाहीर व्हावा. सुट्या विकल्या जाणाऱ्या पॅडच्या आणि लायनरच्या खोक्यावर तांब्याचे प्रमाण आणि ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे छापले जावे. शहरांच्या हवेच्या काही निवडक केंद्रांवर तांबे, अँटिमनी आणि बेरियम यांची नियमित मोजणी सुरू व्हावी, म्हणजे ‘रस्त्यावरील धूळ’ या पोत्यात नेमके काय भरले आहे ते पुढच्या स्रोत-अभ्यासात वेगळे लिहिता येईल. यांतील पहिली गोष्ट उत्पादकांना आवडणार नाही, दुसरी बेनामी लायनर विकणाऱ्यांना, तिसरी झाडूच्या निविदा काढणाऱ्यांना. बीएस-६ नंतरच्या मानकांचा मसुदा जेव्हा हरकतींसाठी प्रसिद्ध होईल, तेव्हा त्याला लेखी सूचना पाठवण्याचा अधिकार कोणत्याही नागरिकाला असतो, आणि त्यासाठी विद्यार्थी असणे ही अपात्रता नाही.